नोंदीपासून गव्हाणीपर्यंत : उसाच्या पाळीचा एक अभ्यास

(तृतीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

आषाढवारीत तुकोबांची पालखी बारामती-इंदापूर रस्त्याने आमच्या लासुर्ण्यावरून पुढे जाते. त्या रांगेत कोणती दिंडी पुढे आणि कोणती मागे, हे क्रमांकाने ठरलेले असते. त्याबद्दल कोणी तक्रार करीत नाही. दिवाळी सरली, की त्याच रस्त्यावर दुसरी रांग लागते. ती उसाच्या गाड्यांची. बैलगाड्या, ट्रॅक्टरमागच्या ट्रॉल्या, ट्रक असे सारे कारखान्याच्या दिशेने सरकत असते. या दुसऱ्या रांगेबद्दल मात्र पारावर, सोसायटीत, चहाच्या टपरीवर रोज वाद होतात. "त्याचा ऊस माझ्यामागून लावलेला, मग आधी कसा तुटला?" हा प्रश्न आमच्या भागातल्या प्रत्येक घराने कधी ना कधी विचारलेला आहे. आमच्या घरानेही तो विचारला होता. त्याची हकिगत पुढे येईलच.

प्रकल्पासाठी विषय निवडण्याची वेळ आली, तेव्हा मी हाच प्रश्न घेतला. व्यवस्थापनाच्या पद्धती आणि माहितीची नीट मांडणी यांच्या साहाय्याने उद्योगातील कामाचा क्रम कसा सुधारता येतो, हे उसाच्या पाळीवरून समजून घ्यावे, एवढाच हेतू. "कला शाखेच्या मुलीने गव्हाणीच्या वाटेला कशाला जायचे?" असे एका मैत्रिणीने थट्टेने विचारले. त्याचे उत्तर या लेखात मिळाले, तर लेखाचे सार्थक झाले असे मी समजेन.

आपल्याच कालव्यावरचा धडा

व्यवस्थापनशास्त्र हे परदेशातून आलेले, मोठ्या शहरांतल्या कार्यालयांसाठीचे शास्त्र आहे, असा आपला समज असतो. वस्तुतः त्याचा एक उत्तम धडा आपल्या निरा डाव्या कालव्यावर शंभर वर्षांपूर्वीच घडून गेला आहे. या कालव्याचे पाणी १८८५ मध्ये वाहू लागले. आरंभी पाणी मागेल तिथे दिले जाई. ऊस विखुरलेला असल्यामुळे थोड्या क्षेत्रासाठी लांबलांब पाट भरावे लागत. वाटेत पाणी मुरे आणि कालव्याजवळच्या जमिनी पाणथळ होत. तेव्हा मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात असलेले अभियंते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीस 'ब्लॉक पद्धत' सुचविली. पाणी द्यावयाचे क्षेत्र ठरावीक गटांत बांधून घ्यावे, त्यातील साधारण एक तृतीयांश भागात ऊस आणि उरलेल्यात हंगामी पिके अशी आळीपाळीने फेरपालट व्हावी, म्हणजे पाणी कमी वाया जाईल व अधिक गावांना पोचेल, असा तिचा गाभा होता.

यात ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी, की कालवा तोच होता आणि पाणीही तेवढेच होते. बदलला तो केवळ क्रम. कोणाला, कोठे, केव्हा आणि किती, या चार प्रश्नांची उत्तरे आधी ठरवून लिहून ठेवली गेली. माझ्या मते व्यवस्थापनाची याहून सोपी व्याख्या सापडणे कठीण आहे.

पुढे याच परिसरात शेठ वालचंद हिराचंद यांनी १९३०च्या दशकात कळंबजवळ साखर कारखाना उभारला आणि त्याभोवती वालचंदनगर वसले. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून १९५० साली सहकारी साखर कारखाना सुरू झाला. त्यानंतर भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वरनगर असे सहकारी कारखाने आपल्याही भागात आले. खासगी मळ्यातला ऊस एका मालकाचा असतो. त्याच्या तोडणीचा क्रम मालक ठरवितो. सहकारात हजारो सभासद आले, प्रत्येकाचे एक-दोन एकर क्षेत्र आले आणि प्रत्येकाला वाटू लागले, की आपला नंबर आधी लागावा. पाळीचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला तो येथे.

शास्त्र काय सांगते?

अमेरिकन अभियंता फ्रेडरिक टेलर याचा शास्त्रीय व्यवस्थापनावरील ग्रंथ १९११ मध्ये प्रसिद्ध झाला. काम अंदाजाने न करता त्याचे निरीक्षण करावे, वेळ मोजावा आणि मग पद्धत ठरवावी, हा त्याचा आग्रह. पुढे १९२१ मध्ये फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या दांपत्याने कामाचा नकाशा काढण्याची रीत मांडली. त्या परंपरेत कामाच्या पायऱ्या पाच प्रकारांत वाटतात: क्रिया, वाहतूक, तपासणी, खोळंबा आणि साठवण. कागदावर असा नकाशा काढला, की खोळंबा नेमका कोठे आहे ते डोळ्यांना दिसते.

मी उसाचा असा नकाशा काढला. लागण, नोंद, शेताची पाहणी, पक्वतेची तपासणी, तोडणीचा प्रोग्राम, टोळी पाठविणे, तोडणी, भरणी, वाहतूक, गाडीतळावरचा नंबर, भरलेल्या गाडीचा काटा, गव्हाण, रिकाम्या गाडीचा काटा आणि शेवटी बिल अशा चौदा पायऱ्या झाल्या. नकाशा पुरा झाल्यावर माझ्या लक्षात आले, की यांतील जवळजवळ निम्म्या पायऱ्यांत उसाला कोणी हातही लावीत नाही. तेथे फक्त माहिती एका हातातून दुसऱ्या हातात जाते. आपण भांडतो ते काट्यावर आणि गाडीतळावर. पण पाळी ठरते ती या न दिसणाऱ्या पायऱ्यांवर.

आता खोळंब्याचे गणित पाहू. एलियाहू गोल्डरॅट या लेखकाने १९८४ मध्ये एका कादंबरीच्या रूपाने असे मांडले, की कोणत्याही कारखान्याचा वेग त्याच्या सर्वांत अरुंद जागेवरून ठरतो. इतरत्र कितीही घाई केली तरी उत्पादन वाढत नाही. बाटली कितीही मोठी असो, तेल पडते ते मानेच्या मापानेच. साखर कारखान्याची मान म्हणजे त्याची गाळपक्षमता. समजा, एका कारखान्याची क्षमता दिवसाला ५,००० टन आहे आणि शेतांतून रोज ५,५०० टन ऊस तोडला जातो. चार दिवसांत २,००० टन ऊस मागे पडेल, म्हणजे सुमारे दहा तासांचे गाळप तुंबेल. जास्त टोळ्या लावल्याने काम लवकर संपेल ही समजूत येथे खोटी ठरते.

जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये रांगेविषयी एक सुंदर नियम सिद्ध केला. रांगेत उभ्या असलेल्यांची सरासरी संख्या ही दर तासाला येणाऱ्यांची संख्या आणि प्रत्येकाला लागणारा वेळ यांच्या गुणाकाराएवढी असते. गाडीतळावर १२० गाड्या उभ्या आहेत आणि तासाला २० गाड्या रिकाम्या होतात, तर नव्या गाडीला सुमारे सहा तास थांबावे लागेल. गाड्या १८० झाल्या, तर नऊ तास. हा हिशेब करायला संगणक लागत नाही. गाडीतळावर उभे राहून मोजायची तयारी लागते.

थांबण्याची किंमत कोण देतो?

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने येथे एक प्रश्न विचारलाच पाहिजे. या थांबण्याची किंमत कोणाच्या खिशातून जाते?

ऊस तोडल्यानंतर त्यातील पाणी उडते आणि वजन घटते. त्याचबरोबर त्यातील साखरेचे विघटन होऊन साखरेचा उतारा घटतो. म्हणून तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळला जावा असे सांगतात. वजनातली घट ज्याची त्याला सोसावी लागते. उताऱ्यातली घट मात्र वाटली जाते, कारण शेतकऱ्याला मिळणारा रास्त व किफायतशीर दर हा त्याच्या एकट्याच्या उसाच्या उताऱ्यावर नसून कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर ठरतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये असा दर ठरविला. उतारा वाढला तर दर वाढतो आणि घटला तर, ठरलेल्या मर्यादेपर्यंत, घटतो. म्हणजे एकाचा ऊस दोन दिवस वाळला, तर त्याचा भार थोडाथोडा सर्वांवर पडतो. जे नुकसान सर्वांचे असते, त्याची काळजी कोणीच घेत नाही, हा सामाईक कुरणाचा नियम येथेही लागू पडतो.

आणखी एक वर्ग आहे. बीड, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांतून कोयता घेऊन आलेली जोडपी टनावर मजुरी घेतात. गाडीतळावर रात्रभर गाडी उभी राहिली, तर त्या रात्रीची मजुरी शून्य. बैलांचीही रात्र जू काढून थंडीत जाते. कामाचा क्रम सुधारणे म्हणजे केवळ कारखान्याचा खर्च वाचविणे नव्हे, हे या लोकांकडे पाहिले की पटते.

आमच्या घरची हकिगत

आता ती गोष्ट. २०२१-२२ च्या हंगामात महाराष्ट्रात उसाचे अमाप पीक आले होते आणि गाळप जूनपर्यंत लांबले होते, हे अनेकांना आठवत असेल. आमच्या ओढ्याकाठच्या दोन एकरांत जुलै २०२० ची आडसाली लागण होती. विहिरीकडच्या एका एकरात जानेवारी २०२१ ची सुरू लागण. हिशेबाने आडसाली ऊस डिसेंबर २०२१ पर्यंत जायला हवा होता. तो गेला एप्रिल २०२२ मध्ये. तोवर त्याला तुरे आले, वारा लागून तो लोळला, उंदरांनी पोखरला. आबांचा अंदाज एकरी ६० टनांचा होता. काट्यावर भरला ४५. डिसेंबरच्या बिलावर ताईचा नर्सिंगचा प्रवेश अवलंबून होता. तो एक वर्ष पुढे गेला. ताई वर्षभर घरी बसली, आणि मी कॉलेजात जाताना माझ्याकडे पाहायचे टाळू लागली.

आबांनी निष्कर्ष काढला होता, की वशिल्याशिवाय पाळी लागत नाही. नोंद घ्यायला आलेल्या चिटबॉयचे नाव निघाले, की ते तोंड फिरवीत. ऊस कोणत्या कारखान्याला गेला, याला येथे महत्त्व नाही. हे कोठेही घडू शकले असते.

या प्रकल्पासाठी मला नोंदीच्या पावतीचा नमुना हवा होता. म्हणून गेल्या ऑक्टोबरात मी आबांची पत्र्याची पेटी उघडली. त्यात जुन्या वजनपावत्यांखाली ती कार्बनची पिवळी पावती सापडली. दोन्ही गट क्रमांक, तीन एकर क्षेत्र, आणि लागणीची तारीख एकच: जानेवारी २०२१. खाली सही माझी होती.

मग सगळे आठवले. फेब्रुवारी २०२१ मधली दुपार. आडसालीची नोंद वेळेवर करायची राहून गेली होती, म्हणून दोन्ही तुकड्यांची एकदमच होत होती. आबा कालव्याच्या पाळीवर गेलेले. मी दहावीला; परीक्षा होणार की नाही या चिंतेत ओट्यावर पुस्तक घेऊन बसलेली. तो मुलगा ओट्याच्या कडेला टेकला. "लागण कधीची?" त्याने विचारले. डोळ्यांपुढे होती ती नुकतीच झालेली विहिरीकडची लागण. "जानेवारीची," मी म्हणाले. त्याने दोन्ही ओळींत तेच लिहिले, मी सही केली आणि पुन्हा पुस्तकात डोके घातले. तो शेतावर गेला नाही, आणि मी पावती वाचली नाही. आबांनी ती जपून पेटीत ठेवली. कारखान्याच्या संगणकाने त्या तारखेप्रमाणे आमचा नंबर अगदी बिनचूक शेवटी टाकला. वशिला कोणाचाच नव्हता.

वारणेचा अनुभव

हे समजल्यानंतर मी वारणानगरची माहिती वाचली, तेव्हा ती निराळ्याच अर्थाने समजली. कोल्हापूर जिल्ह्यातील वारणा सहकारी समूहाच्या परिसरात १९९८ मध्ये गावे संगणकाने जोडण्याचा एक सरकारी प्रकल्प सुरू झाला. सुमारे ७० गावांसाठी ५४ संगणक केंद्रे उभी राहिली. शेतकऱ्याला शेतीसल्ला, बाजारभाव, सरकारी माहिती असे सर्व काही गावातच मिळावे, ही कल्पना. प्रत्यक्षात या केंद्रांचा उपयोग झाला तो मुख्यतः नेहमीच्या व्यवहारासाठी. उसाची नोंद, तोडणीची परवानगी, काट्यावर भरलेले वजन, खत आणि बिल, एवढेच.

पुढे मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरू येथील संशोधकांनी वारणेच्या लोकांबरोबर एक साधा प्रयोग केला. सात गावांत संगणकाऐवजी मोबाईलच्या लघुसंदेशाने तीच माहिती देऊन पाहिली. आपल्या उसाचे वजन किती झाले, हे शेतकऱ्याला मोबाईलवर विचारता येऊ लागले. काम भागले, खर्चही कमी झाला. मोठ्या यंत्राने जे साधले होते, ते खिशातल्या छोट्या यंत्राने साधले. कारण लोकांना खरोखर काय जाणून घ्यायचे आहे, याचा शोध आधी घेतला गेला होता.

अमेरिकेतील मायकेल हॅमर यांनी १९९० मध्ये एका गाजलेल्या लेखात उद्योगांना बजावले होते, की जुन्या वाकड्या रीतीला संगणक जोडू नका. आधी ती रीत मोडून नवी बसवा. वाकड्या रीतीला संगणक जोडला, तर चूक अधिक वेगाने होते. आमच्या पिवळ्या पावतीने मला हे वाक्य पुस्तकापेक्षा चांगले शिकविले.

निष्कर्ष

या अभ्यासातून मला जे वाटले, ते थोडक्यात असे.

पहिले, नोंद ही घटना घडते तेथेच व्हावी. लागणीची तारीख बांधावर उभे राहून लिहावी, ओट्यावर बसून नव्हे. सात महिन्यांच्या आणि एक महिन्याच्या उसातला फरक शेतात कोणालाही दिसला असता. आज मोबाईलने शेताची जागा आणि क्षेत्र टिपता येते. पण त्यासाठी शेतापर्यंत पाय न्यावेच लागतात.

दुसरे, घेतलेली माहिती देणाऱ्याकडे परत आली पाहिजे. तपशील गोळा केला म्हणजे माहिती-प्रणाली झाली असे नाही. ज्याची नोंद त्याला ती वाचून दाखविली आणि त्याने 'बरोबर' म्हटले, की तपशिलाची माहिती होते. गावच्या चावडीवर किंवा सोसायटीत नोंदींची यादी आठ दिवस लावली, तरी निम्मी भांडणे मिटतील असे मला वाटते.

तिसरे, तोडणीचा वेग गव्हाणीच्या वेगाला बांधावा. गाडीतळावरची गर्दी हे कामाच्या जोराचे लक्षण नसून चुकलेल्या ताळमेळाचे लक्षण आहे.

चौथे, मोजायचे आकडे थोडे असावेत, पण रोज मोजावेत. कोयता लागल्यापासून गव्हाणीत पडेपर्यंत उसाला किती तास लागले, हा एक आकडा फळ्यावर लिहिला, तरी शेतकरी, तोडणी मजूर आणि कारखाना या तिघांनाही आपापला दोष दिसेल.

पाचवे, नियम सर्वांना ठाऊक असावा. नियम माहीत नसला, की संशय त्याची जागा घेतो. आमच्या घरात तो चार वर्षे राहिला.

आज बारामतीच्या अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठ यांच्या सहकार्याने ऊसशेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग चालविले आहेत. उपग्रह आणि शेतातील उपकरणे यांच्या आधारे पाणी-खताचा सल्ला मिळू लागला आहे. आपल्या भागाला ही अभिमानाचीच गोष्ट आहे. परंतु यंत्र कितीही बुद्धिमान असले, तरी त्याला पहिली तारीख सांगणारे माणूसच असते, आणि ते माणूस ओट्यावर पुस्तक घेऊन बसलेले असू शकते.

पावती सापडली त्या रात्री मी ती आबांपुढे ठेवली. चष्मा लावून त्यांनी ती दोनदा वाचली. मला वाटले, आता बोल बसणार. ते म्हणाले, "त्या पोराला मी चार वर्षं उगं शिव्या दिल्या." थोड्या वेळाने म्हणाले, "पावती माझ्याबी पेटीत होती की. मी तरी कुठं वाचली?"

ताईला मी फोनवर सांगितले. ती आता शिक्षणाच्या शेवटच्या वर्षाला आहे. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "आमच्या वॉर्डात औषध देण्याआधी पेशंटचं नाव त्याच्याच तोंडून वदवून घेतात. कागदावर लिहिलेलं असलं तरी." आणि मला विचारले, की यंदाच्या लागणीची नोंद झाली का, आणि कोणी वाचून पाहिली.

या वर्षी ती मी वाचली, आबांनी वाचली, आणि चिटबॉयला सोबत घेऊन आम्ही बांधावर जाऊन आलो. माझ्या मैत्रिणीच्या प्रश्नाचे उत्तर एवढेच, की गव्हाणीची वाट आपल्या ओट्यावरूनच जाते. कला शाखेच्या विद्यार्थ्यांना आणखी काही येवो न येवो, समोरच्या कागदावर काय लिहिले आहे ते सही करण्यापूर्वी वाचायला तरी यावे, ही नम्र अपेक्षा व्यक्त करून हा लेख पुरा करते.